यादीतली शेवटची ओळ

सोमवार, ३

पोचले एकदाची. दोन बॅगा, एक पिशवी आणि गाडीत मांडीवर सांभाळलेला लेकीच्या रंगपेटीचा रिकामा डबा. त्यात माझं सुईदोरा, किल्ल्या, गोळ्या असलं सटरफटर आहे. गाडीत बसवून देताना दादा म्हणाला की रोजनिशी लिहिणार म्हणतेस खरी, पण चार दिवसांत सोडून देशील, तुझं सगळं असंच. म्हणून मुद्दाम पहिल्याच दिवशी लिहायला बसलेय. निळं पेन नवं आणलंय, वही चांगल्या कागदाची आहे, आता माघार नाही.

नोकरी गावाला पाणी सोडणाऱ्या केंद्रात आहे. टाक्यांच्या मागे पिवळ्या विटांची दुमजली इमारत, खाली पंपघर, वर मशीनची खोली, आणि तिच्या पलीकडे कर्मचाऱ्यासाठी दोन खोल्या. खरं सांगायचं तर त्या दोन खोल्यांसाठीच मी इथं आले. नऊ वर्षं रिकाम्या पडल्यात, पण स्वच्छ आहेत. खिडकीतून टाक्यांच्या कडेचा हिरवा पट्टा दिसतो. नोकरी पक्की झाली की त्या मला मिळणार. तोवर पेठेतल्या एका घरी वरची खोली घेतलीय. तिथल्या मालकीणबाईंना लहान मुलं चालत नाहीत, हे त्यांनी मी बॅग खाली ठेवायच्या आत सांगून टाकलं.

खार म्हणजे माझी लेक, वय वर्षं सात. दिसेल ते खिशात कोंबून ठेवते म्हणून खार. तिचे बाबा गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही दोघी दादा-वहिनीकडे आहोत. ती दोघं जीव लावतात, पण दुसऱ्याच्या घरात मूल दबकून हसायला शिकतं, ते मला बघवत नाही. निघताना तिनं आपल्या साठ्यातलं सगळ्यात भारी बटण मला दिलं. निळं, चार भोकांचं. हे फक्त ठेवायला दिलंय, मी आले की परत द्यायचं, आणि हरवलंस तर मी येणारच नाही, असं बजावलंय. ते पहिल्या पानावर चिकटपट्टीनं लावून ठेवलं. तीस तारखेला, रविवारी, दादा तिला घेऊन येणार आहे.

मंगळवार, ४

आज काम कळलं आणि कळल्यावर हसूच आलं. गावात कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह उघडायचा, कुठला मिटायचा, हे एक प्रोग्रॅम ठरवतो. तो बत्तीस वर्षांचा आहे. ज्या मशीनवर तो चालायचा ते अकरा वर्षांपूर्वी भंगारात गेलं. लिहिणारे पांगले, कागदपत्रं कुणी कपाटात ठेवली आणि कुणी ते कपाटच दिलं. नवा प्रोग्रॅम लिहायचा तर गाव किती दिवस कोरडं ठेवायचं, यावर आमच्या साहेबांचं आणि वरच्या लोकांचं अजून एकमत होत नाही. म्हणून मधली वाट काढली. नव्या सर्व्हरच्या पोटात जुन्या मशीनचं सोंग उभं केलं, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. प्रोग्रॅम त्यात बसलाय आणि आपण अजून आपल्या जुन्याच घरी आहोत अशा समजुतीत आहे.

असली मशीनं मी आधीच्या नोकरीत पुष्कळ सांभाळली. पण हे जरा वेगळं आहे, कारण ते आपणहून जुळवून घेतं. प्रोग्रॅमनं जुन्या तऱ्हेचा प्रिंटर मागितला आणि तो नसला, तर ते प्रिंटर असल्याचं भासवतं. टेप मागितली तर टेप भासवतं. त्याला घड्याळ थोडं मागं लागतं म्हणून घड्याळही मागं ठेवतं. प्रोग्रॅम तसूभर बदलायचा नाही, बदलायचं ते भोवतालच्यानं. घरातल्या हट्टी सासऱ्यापुढं सून असावी तसं, असं मी म्हटलं तर माझा कामातला जोडीदार पोट धरून हसला. हा दारातून वाकून आत येतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव लांबू ठेवलंय.

एक गोष्ट मात्र भासवत नाहीत. सकाळी सहापासून संध्याकाळी आठपर्यंत दर चाळीस मिनिटांनी पडद्यावर प्रश्न येतो, ऑपरेटर? तीन कळा दाबून उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर प्रोग्रॅम केंद्रात कुणी नाही असं धरतो, सगळे व्हॉल्व्ह मिटतो आणि गावाचं पाणी थांबतं.

गुरुवार, ६

उत्तर देण्याचीही इथं रीत आहे. ते उभ्यानं द्यायचं. समोर खुर्ची आहे, पण तिच्यात बसायचं नाही. आणि लागोपाठ दोन दिवस एकानं द्यायचं नाही. साहेब, लांबू, पंपांचे मिस्त्री आणि आता मी, अशी पाळी लावलीय. भिंतीवर तक्ता आहे, त्यात खाडाखोड करायला कुणी धजत नाही.

मी कारण विचारलं तर लांबू म्हणाला की पूर्वीपासून असंच आहे. मग थोडं खरं सांगितलं. हा प्रोग्रॅम कळा कुठल्या दाबल्या एवढंच बघत नाही, कशा दाबल्या तेही बघतो. पूर्वीच्या ऑपरेटर बाईंनी ती तपासणी स्वतः त्यात घालून घेतली होती, कारण कुणीतरी कळेवर वजन ठेवून झोपा काढायचं. आता बाई नाहीत आणि प्रोग्रॅमला अजून त्यांचाच हात हवा आहे. आपण उत्तर दिलं की तो दोनदा नाकारतो, तिसऱ्यांदा कसंबसं घेतो. माझं तर आज पाचव्यांदा घेतलं. साहेब मागे उभे राहून घड्याळ बघत होते.

शनिवार, ८

दुपारी मिस्त्रींबरोबर पंपघरात डबा खाल्ला. फार बोलत नाहीत, पण बाईंचा विषय काढला तर सुरू झाले. बावीस वर्षं त्या खुर्चीत बसल्या. दिवसभर घोट घोट गरम पाणी प्यायच्या. डावा गुडघा धरलेला, जिन्यात दर पायरीला थांबायच्या. हिरव्या शाईनं लिहायच्या. साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना बाळा म्हणायच्या, स्वतःला मूलबाळ नव्हतं. आणि शिस्तीच्या इतक्या की कुणाची वही उघडी दिसली तरी तोंड फिरवायच्या, दुसऱ्याची वही वाचू नये म्हणायच्या. नऊ वर्षांपूर्वी त्याच खुर्चीत गेल्या.

मग मिस्त्री डबा पुसत पुसत म्हणाले की बाईंनंतर गोदामातले एक गृहस्थ आठवडाभर सलग बसले होते, आणि आठव्या दिवशी लंगडायला लागले. म्हणून पाळी आली. मी विचारलं, पुढं पाय बरा झाला का. ते म्हणाले, गावी गेले, विचारायचं राहून गेलं. मला हसू आवरेना. एका खुर्चीत आठवडाभर बसलं तर कुणाचाही पाय धरेल.

मंगळवार, ११

आज सेटिंग नीट पाहिली. या मशीनचा सगळा कारभार एका यादीवर चालतो. प्रोग्रॅमला काय काय लागतं त्याची यादी, आणि प्रत्येकापुढं ते खरं आहे की भासवायचं आहे याची खूण. प्रिंटर, टेप, घड्याळ, टेलिफोनची लाइन, खोलीतलं तापमान, दिवेसुद्धा. इमारतीतले दिवे आणि पंखे याच सर्व्हरला जोडलेत, त्यामुळं जुन्या मशीनला लागायची तशी थंडी खोलीत तो आपणहून ठेवतो.

सगळ्यात शेवटची ओळ ऑपरेटरची आहे. तिथं दोन पर्याय दिसतात, ‘असेल तो’ आणि ‘ठरलेला, जुळवून घ्या’. पहिल्यावर खूण आहे. शेजारी पडद्याच्या काठाला कागदाची पट्टी चिकटवलीय, हात लावू नये. अक्षर साहेबांचं आहे.

शुक्रवार, १४

साहेबांनी बोलावलं. माणूस चांगला आहे, खुर्ची दिली, पंखा वाढवला आणि मगच वाईट बातमी सांगितली. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार. उत्तर देणारा एक हात कमी होणार, म्हणून तर मला घेतलं. पण प्रोग्रॅम मला पाच-पाच वेळा नाकारतोय, काल तर वेळ संपायला सहा सेकंद उरले होते. महिनाअखेरपर्यंत त्यानं मला नीट मानलं नाही, तर वरच्यांना दुसरं माणूस बघा असं कळवावं लागेल. खोल्यांचंही मग अर्थातच अवघड आहे.

संध्याकाळी फोन केला. खार वीस मिनिटं बोलली. वहिनीनं तिला नवी चड्डी शिवलीय, तिला चार खिसे आहेत, आणि खोलीला खिडकी आहे ना, असं तिनं तीनदा विचारलं. आहे म्हटलं. मग हळूच म्हणाली की मी इथं मोठ्यानं गाणं म्हणत नाही, तिथं म्हणू का. मी म्हण म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ पलंगावर बसून राहिले. मला काहीही करून त्या दोन खोल्या हव्यात.

सोमवार, १७

केलं. साहेब बैठकीला गेले होते, लांबू जेवायला. आधी मशीनचा स्नॅपशॉट घेतला, म्हणजे बिघडलंच काही तर क्षणात होतं तसं मागं नेता येईल. आंधळेपणानं काही केलं नाही. मग शेवटच्या ओळीत दुसऱ्या पर्यायावर खूण केली आणि माझा कर्मचारी क्रमांक घातला.

जुळवून घेणं हा त्या मशीनचा धर्मच आहे. प्रिंटरशी घेतं, घड्याळाशी घेतं, मग माझ्या हाताशी का घेऊ नये. पट्टी लावणाऱ्यांना हे सुचलं नाही, कारण सगळे भीत भीत काम करतात. पुढचा प्रश्न आला, मी उत्तर दिलं, एका फटक्यात घेतलं. दिवसभरात एकदाही नाकारलं नाही. लांबूनं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि विचारलं की तू बसली होतीस का. कळा दाबताना मी खुर्चीत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मंगळवार, १८

आज पाळी लांबूची होती. त्याचं उत्तर प्रोग्रॅमनं घेतलंच नाही, आठ वेळा नाही. मी जाऊन दिलं तर लगेच घेतलं. संध्याकाळपर्यंत मीच दिलं. साहेबांनी कारण विचारलं नाही. मला वाटतं त्यांनी ती ओळ पाहिली आणि तसेच बाहेर आले. जाताना म्हणाले की नोकरी पक्की झाली असं समजा, उद्या खोल्यांची किल्ली घ्या.

दादाला फोन केला. तो म्हणाला, बघ, म्हटलं नव्हतं. काय म्हटलं होतं ते विचारलं नाही. खार मागं नाचत असल्याचा आवाज येत होता.

गुरुवार, २०

काल राहायला आले. दोन खोल्या, एक ओटा, पोटमाळा. खारीचा पलंग खिडकीशी लावणार, गाद्या उन्हात घातल्या. एक गंमत झाली. काल अंधारून आल्यावर घरात शिरले आणि हात सरळ दाराच्या मागं, कमरेच्याही खाली असलेल्या बटणावर गेला. इतक्या विचित्र जागी दिव्याचं बटण असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

थकवा असेल. दिवसाला बावीस वेळा उत्तर द्यावं लागतं, त्यामुळं खोली आणि मशीन सोडून कुठं जाता येत नाही. मधल्या वेळात ती थंडी सोसत नाही म्हणून गरम पाण्याचा थर्मास जवळ ठेवलाय. बरं वाटतं.

शुक्रवार, २१

पडद्यावरची अक्षरं बारीक झालीत. मी मोठी केली, दुसऱ्या मिनिटाला पुन्हा बारीक. डोळे चोळून चोळून दुखायला लागले. खणात एक जुना चष्मा सापडला, जाड काचांचा. लावला तर लख्ख दिसलं. माझे डोळे गेल्या वर्षी तपासले होते, नंबर नव्हता.

आणखी एक ताडून पाहिलं. उत्तर देताना दुसरी आणि तिसरी कळ यांच्यात मी थांबते. पूर्वी थांबत नव्हते. घाईनं दाबलं की खोलीतला दिवा किंचित मंद होतो, थांबून दाबलं की नीट होतो. चार दिवस तो मला असं सांगतोय आणि मी ऐकतेय, हे आज कळलं. मुलाला वळण लावतात तसं.

रविवार, २३

जिना चढताना डावा गुडघा कटकन वाजला. सहाव्या पायरीवर थांबावं लागलं. मिस्त्री खाली उभे होते. त्यांनी बघितलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

मी त्यांना सगळं सांगितलं, यादीचं, खुणेचं. त्यांनी पाना फडक्यात गुंडाळला. मग म्हणाले की ती यादी प्रोग्रॅमला काय लागतं त्याची आहे ना. मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग त्यात लिहिलेलं सगळं त्याच्यासारखं होणार, तो कशाला कुणासारखा होईल.

हे मला कसं दिसलं नाही. मला वाटलं, मशीन माझ्याशी जुळवून घेईल. पण मी यादीत आहे. प्रिंटर आणि टेपच्या खाली. प्रोग्रॅमला बाई लागतात, आणि मी त्याला बाई भासवायच्या आहेत. मला भीती वाटतेय, हे लिहून ठेवते.

सोमवार, २४

लांबूला सांगितलं. तो चांगला माणूस आहे, लगेच उठला. ती खूण काढायचा प्रयत्न केला, निघेना. मग मी सतरा तारखेला घेतलेल्या स्नॅपशॉटवर मशीन मागं नेलं. मशीन मागं गेलं. ओळीपुढं ‘असेल तो’ आलं. प्रश्न आला, लांबूनं उत्तर दिलं, नाही घेतलं. साहेबांनी दिलं, मिस्त्रींनी दिलं, मी कळा घाईनं, माझ्या जुन्या चालीनं दाबून पाहिल्या. नाही. त्याला हवं ते एकदा मिळालंय, आता तो थोडक्यावर भागवत नाही.

व्हॉल्व्ह मिटले. अकरा मिनिटं. पहिल्या चार मिनिटांत दवाखान्यातून फोन आला, मग शाळेतून, मग फोन थांबेचनात. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी स्वतः जाऊन ती खूण पुन्हा केली, माझा क्रमांक घातला, आणि खुर्ची माझ्यासाठी मागं ओढली.

बसले. थांबून दाबलं. पाणी सुरू झालं. खाली कुणीतरी हुश्श म्हटलं. साहेब म्हणाले, उपकार झाले बाई.

मला इथं कुणी बाई म्हणत नव्हतं.

मंगळवार, २५

पळून जायचं ठरवलं होतं. सकाळी बॅग भरली, फाटकापर्यंत गेले. गुडघ्यामुळं वेळ लागला. फाटकाशी उभं राहून विचार केला की सहा चाळीसला कोण उत्तर देणार. दवाखाना आहे, शाळा आहे. परत आले.

लांबू रजेवर गेला. टेबलावर चिठ्ठी ठेवलीय, माफ कर एवढंच लिहिलंय.

दादाला फोन करून सांगायचं होतं की खारीला आणू नकोस. तिला या इमारतीत नको. लाइन लागली आणि मी बोलायला तोंड उघडलं तर विचारलं काय, तर गावाकडं पाण्याचा दाब कसा आहे. दादा हसला. म्हणाला, कामानं वेडी झालीस. मग फोन कट झाला. टेलिफोनची लाइनही त्या यादीत आहे.

बुधवार, २६

विसरू नये म्हणून लिहिते. माझी लेक. सात वर्षं. समोरचा एक दात पडलाय. पोळीच्या कडा — नाही, मधला भाग आधी खाते. खिशात बटणं. झोपताना माझा अंगठा धरते. मोठ्यानं गाणं म्हणते. म्हणजे म्हणायची आहे.

निळं पेन दोनदा टेबलाखाली सापडलं. खणात हिरवं आहे, ते हाताला बरं बसतं. वापरणार नाही.

गुरुवार, २७

आज आरशात पाहताना केस मागं चापून बांधलेले. मी कधी बांधले —

मिस्त्री वर आले होते. त्यांना म्हटलं, बाळा, दार लावून घे, थंडी बाहेर जाते. ते साठीचे आहेत. दार लावताना त्यांचे डोळे भरले होते. का ते विचारायला हवं होतं. प्रश्नाची वेळ झाली.

तिला मी काय म्हणते — लहान प्राणी — शेपटी — झाडावर —

शुक्रवार, २८

निळं पेन मिळत नाही. हिरव्यानं लिहिते आहे, नाइलाज.

खार. खार. खार. खार. खार. तळहातावर पण लिहिलं होतं. ६.४० च्या उत्तराआधी हात धुतला. कळांवर शाई लागते, ते बरं नाही.

खूण आज मी पाहिली. यादीत माझा क्रमांक नाही आता. दुसरा आहे, जुना, चार आकडी. आणि पुढं लिहिलंय — खरं. भासवायचं नाही. खरं.

शनिवार, २९

६.००.१२, उत्तर दिले. ६.४०.०९, उत्तर दिले. ७.२०.१०, उत्तर दिले. दाब ठीक.

सायंकाळी एका लहान मुलीचा फोन आला. आई आहे का म्हणून विचारत होती. चुकीचा नंबर लागला, बाळा, असे सांगितले. तर म्हणाली, मी उद्या येते आहे, माझं आहे ना जपून? काय ते कळले नाही. रडू लागली. लोकांनी मुलांच्या हाती फोन देऊ नये. नंतर छातीत दुखल्यासारखे झाले. गरम पाणी घेतले.

ही वही टेबलावर कुणाची आहे कोण जाणे. पुढची पाने निळ्या शाईत भरली आहेत. वाचली नाहीत. दुसऱ्याची वही वाचू नये. मागची कोरी आहेत, तेवढी नोंदीला वापरते.

रविवार, ३०

९.२०.११, उत्तर दिले.

फाटकाशी एक गृहस्थ आणि एक मुलगी आली आहे, असे मिस्त्री सांगत आले. खाली गेले. गृहस्थ मला बघून अगं म्हणाले आणि त्यांनी मुलीचा खांदा घट्ट धरला. मी म्हटले, केंद्र बघायचे असल्यास साहेबांची परवानगी लागते. मुलीच्या चड्डीला चार खिसे. ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. रडली नाही. हात पुढे केला आणि म्हणाली, माझं बटण दे.

कसले बटण, बाळा.

निळं, म्हणाली. चार भोकांचं. मी आले की परत द्यायचं होतं.

बघते म्हणून वर आले. मूल हट्ट धरून उभे आहे, नाही कसे म्हणायचे. खणात नाही. थर्मासमागे नाही. ह्या वहीच्या पहिल्या पानावर काहीतरी चिकटवलेले हाताला लागले. पान वाचले नाही. पट्टी ओढून काढली. निळे आहे. चार भोकं. अंगठ्याखाली गुळगुळीत —

अंगठा. झोपताना माझा अंगठा धरते.

खार. माझी खार आहे ती. खाली. दादा आहे. मी तिला चुकीचा नंबर — देवा, मी तिला —

बटण मुठीत आहे. मूठ सोडणार नाही. मिस्त्रींना खिडकीतून ओरडून सांगितलं, फाटक लावू नका, त्यांना जाऊ देऊ नका. ती वर बघतेय. हात हलवतेय. आता जिना उतरायचा आणि मागं वळून बघायचं नाही. पाणी राहू दे. दवाखाना —

दिवा मंद झाला. दहा वाजले. पडद्यावर विचारतोय.

हे एक. हे एकच उत्तर देते आणि येते. दवाखाना आहे ना. मूठ उघडावी लागेल, एका हातानं तीन कळा त्याला चालत नाहीत — क्षणभर, टेबलावर ठेवते, इथंच, वहीवर, दिसेल असं. आलेच. थांब तिथंच, हलू नकोस, आले मी, बाळा, एवढं एक उत्तर देऊन लगेच